दाद, फिर्याद आणि तरोटा

‘दाद’ हा शब्द आपल्या बोलण्यात दोन वाटांनी आला आहे. ‘दाद मागणे’, ‘दाद-फिर्याद’ यांतला दाद फारसीतला. त्याचा अर्थ न्याय. मुशायऱ्यात शेराला मिळते ती दादही याच घरातली. दुसरा दाद मात्र कातडीवरचा. मराठवाड्यातल्या दखनी बोलणाऱ्या घरांत अंगावर उठणाऱ्या, खाज सुटणाऱ्या, गोल कडांच्या चट्ट्याला दाद म्हणतात. शेजारचे मराठी घर त्यालाच गजकर्ण किंवा नायटा म्हणते. हा दाद फारसीतून आलेला नाही. तो संस्कृत ‘दद्रु’पासून आला आहे. एक शब्द इराणातून आला, दुसरा इथल्याच मातीतला, आणि आपल्या जिभेवर दोघे एकच होऊन बसले.

या दुसऱ्या दादवरचे औषधही इथल्याच मातीतले आहे. पहिला पाऊस पडला की हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत या पाचही तालुक्यांत बांधावर, गायरानात, रस्त्याच्या कडेला एक हिरवे रोपटे उगवते. पाने मेथीसारखी पण मोठी, फुले पिवळी, शेंगा बारीक आणि वाकड्या. संध्याकाळ झाली की पाने मिटतात. कोकणात त्याला टाकळा म्हणतात, विदर्भ-मराठवाड्यात तरोटा. कोवळ्या पानांची भाजी होते. पावसाळा सरता सरता शेंगा वाळतात आणि गरीब घरांतल्या बाया बी गोळा करून व्यापाऱ्याला विकतात. शेतकरी त्याला तण म्हणतो आणि उपटून टाकतो.

संस्कृत निघंटूंत याच तणाचे एक नाव ‘दद्रुघ्न’ आहे. दद्रुला मारणारा, दादचा दुश्मन. एखाद्या वनस्पतीला रोगाच्या नावानेच ओळखले जावे, असे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते. हे नाव खरे होते की नुसता लोकांचा समज? त्या नावाची परीक्षा कोणी, केव्हा आणि कशी घेतली? ती परीक्षा अर्धवट का राहिली? या प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो की बगदाद, अहमदनगर, गोवा, ब्राझील, दिल्ली, कलकत्ता असा मोठा प्रवास घडतो, आणि शेवटी आपण पुन्हा हिंगोलीच्या बांधावर येतो.

नावांचा इतिहास

चरकसंहितेत कातडीच्या रोगांवरच्या लेपांत ‘एडगज’ नावाची वनस्पती येते. ती म्हणजे हाच तरोटा, असे आयुर्वेदाचे अभ्यासक मानतात. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात त्याची चक्रमर्द, प्रपुन्नाड, दद्रुघ्न अशी नावे एकत्र दिलेली आहेत. प्रपुन्नाड हा जड शब्द लोकांच्या तोंडी घासत घासत पुवाड, पवाड, पनवाड असा झाला. युनानी हकिमांनी ‘पनवाड’ हेच नाव उचलले आणि बीला ‘तुख्म-ए-पनवाड’ म्हटले. तुख्म फारसी, पनवाड देशी. दोन भाषांचा असा निकाह आपल्या औषधांच्या नावांत पदोपदी सापडतो.

शास्त्रीय नावाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. लिनियसने १७५३ साली या वनस्पतीला कॅसिया टोरा म्हटले. आज वनस्पतिशास्त्रज्ञ तिला सेन्ना टोरा म्हणतात. सेन्ना हा शब्द अरबी ‘सना’पासून आला आहे. पोट साफ करण्यासाठी आपल्याकडे जिला सोनामुखी किंवा सना मक्की म्हणतात, ती तरोट्याचीच बहीण. म्हणजे हिंगोलीच्या गायरानातल्या या तणाने जगाच्या विज्ञानात नाव नोंदवले ते अरबी आडनावाने.

नावे अशी एकमेकांत मिसळली, कारण माणसे एकमेकांचे वाचत होती. आज आयुर्वेद हिंदूंचा आणि युनानी मुसलमानांची, अशी सरळ वाटणी करून टाकण्याची सवय दोन्ही बाजूंना लागली आहे. इतिहास मात्र या वाटणीला साक्ष देत नाही.

बगदाद ते अहमदनगर

आठव्या शतकाच्या अखेरीस, खलिफा हारून अल-रशीद यांच्या काळात, बगदादमध्ये बर्मकी घराण्याच्या वजिरांनी हिंदुस्थानातले वैद्य बोलावून घेतले. त्यांतल्या मन्का नावाच्या वैद्याकडून याह्या बिन खालिद बर्मकी यांनी सुश्रुताच्या ग्रंथाचा अर्थ अरबीत आणवला. दहाव्या शतकात इब्न नदीम यांनी आपल्या ‘फिहरिस्त’ या ग्रंथसूचीत त्याची नोंद केली आहे. त्याच बगदादमध्ये दियोस्कुरिदस या ग्रीक वैद्याचा वनस्पतींवरचा ग्रंथही अरबीत उतरला. अली बिन रब्बन तबरी यांनी नवव्या शतकात ‘फिरदौस अल-हिकमत’ लिहिला, तेव्हा त्यात हिंदी वैद्यकावर वेगळा भाग घातला. अल-बिरुनींनी आयुष्याच्या अखेरीस औषधद्रव्यांवर ‘किताब अल-सैदना’ हा ग्रंथ लिहिला आणि एकेका द्रव्याची अरबी, ग्रीक, सुर्यानी, फारसी व हिंदी नावे शेजारी शेजारी मांडली. पुस्तकातले औषध आणि बाजारातली पुडी एकच आहे की नाही, हे नावे जुळवल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे शहाण्या हकिमाचे पहिले काम नावे जुळवणे हेच होते.

दख्खनमध्ये ही परंपरा फुलली. सोळाव्या शतकात गोव्यात गार्सिया द ऑर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य राहत होता. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी त्याची मैत्री होती आणि त्याच्या दरबारी वैद्य म्हणून तो जात-येत असे. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने लिहून ठेवले आहे की सुलतानाने त्याला रोगांची आणि औषधांची अरबी नावे शिकवली आणि त्याने सुलतानाला लॅटिन नावे. राजा आणि वैद्य बसून औषधांची नावे अदलाबदल करताहेत, हे चित्र आपल्या शाळेच्या इतिहासात कुठे येत नाही. हळदीविषयी लिहितानाही ऑर्ताने ती कोणत्या मुलखात कोणत्या नावाने ओळखली जाते, याची दखल घेतली आहे. अरबी ‘कुरकुम’वरूनच युरोपने हळदीचे ‘कुर्कुमा’ हे शास्त्रीय नाव पुढे पक्के केले.

त्याच अहमदनगरात लहानपणी आलेला मुहम्मद कासिम फरिश्ता १५८९ मध्ये विजापूरला गेला. त्याचा इतिहासग्रंथ सर्वांना ठाऊक आहे. त्याने फारसीत हिंदी वैद्यकावरही एक ग्रंथ लिहिला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. फारसी वाचणाऱ्या हकिमाला इथल्या वनस्पती, इथली हवा, इथले रोग कळावेत, हा त्याचा हेतू. शीराझहून किंवा इस्फहानहून आलेल्या नुस्ख्यातली वनस्पती इथे मिळत नसेल तर तिच्याजागी काय वापरावे, हा हकिमाचा रोजचा प्रश्न होता. त्याचे उत्तर वैद्याकडे आणि रानातल्या वैदूकडे असे. पनवाड हकिमाच्या डब्यात पोहोचला तो याच वाटेने.

गोवा पावडरीचे गूढ

आता एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत येऊ. तिथल्या औषधविक्रेत्यांकडे गजकर्णावर एक पिवळसर-तपकिरी भुकटी मिळत असे. तिला ‘गोवा पावडर’ म्हणत. लिंबाच्या रसात किंवा सिरक्यात कालवून ती चट्ट्यावर लावायची. गुण येत असे, पण ती नेमकी कशाची आहे हे विकणारे सांगत नसत. भावही मोठा होता. १८६४ साली मुंबईच्या केंप नावाच्या औषधविक्रेत्याने लंडनच्या औषधशास्त्राच्या नियतकालिकात तिच्याविषयी लिहिले आणि युरोपातल्या डॉक्टरांचे कुतूहल चाळवले.

गूढ उकलले ते ब्राझीलमध्ये. १८७४ च्या सुमारास बाहिया इथले डॉ. द सिल्वा लिमा यांनी दाखवून दिले की गोवा पावडर म्हणजे त्यांच्याकडच्या अरारोबा नावाच्या झाडाच्या खोडातून निघणारी भुकटी. पोर्तुगीज जहाजांतून ती गोव्यात येत होती आणि गोव्याचे नाव लावून मुंबईत विकली जात होती. रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातले द्रव्य वेगळे केले, त्याला क्रिसारोबिन म्हटले. पुढे पहिल्या महायुद्धात ब्राझीलचा माल मिळेनासा झाला, तेव्हा जर्मनीत १९१६ मध्ये त्याच धर्तीचे कृत्रिम द्रव्य तयार झाले. डिथ्रॅनॉल या नावाने ते सोरायसिसवर आजही वापरले जाते.

या गोष्टीचा तरोट्याशी संबंध काय? संबंध असा की क्रिसारोबिनमधला मुख्य घटक म्हणजे क्रिसोफॅनिक आम्लाचे अँथ्रोन नावाचे रूप. आणि १९७५ साली आचार्य व चटर्जी या भारतीय संशोधकांनी तरोट्याच्या बियांतून बुरशी मारणारा मुख्य घटक वेगळा केला, तो हाच निघाला. ज्या औषधासाठी मुंबईकर चढा भाव मोजत होते, जे अर्ध्या जगाला वळसा घालून जहाजातून येत होते, त्याचेच द्रव्य आपल्या बांधावरच्या तणाच्या बीत होते. दद्रुघ्न या नावाची परीक्षा झाली आणि नाव खरे ठरले.

त्या प्रयोगातली एक बाब मला फार महत्त्वाची वाटते. हे द्रव्य हवेत उघडे पडले की लवकर बिघडते. म्हणून संशोधकांनी गजकर्णाच्या बुरशीवर ते तपासले तेव्हा सोबत ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्व, घातले होते. आता आपल्याकडची जुनी कृती आठवा. तरोट्याचे बी लिंबाच्या रसात किंवा आंबट ताकात वाटून लावायचे. लिंबाच्या रसात ‘क’ जीवनसत्त्व असते. घरातल्या म्हाताऱ्या बाईला अँथ्रोन माहीत नव्हते, पण नुसत्या पाण्यात वाटलेल्या बीपेक्षा लिंबात वाटलेले बी बरे, एवढे अनुभवाने तिला कळले असेल काय? असा तर्क करण्याला जागा आहे. तो सिद्ध मानण्याला मात्र नाही, कारण लिंबाने नेमका किती फरक पडतो हे माणसाच्या कातडीवर मोजायला हवे.

हकीम आणि रसायनशास्त्रज्ञ

मोजून पाहण्याची ही वृत्ती युनानीला परकी होती, असे समजू नये. हकीम अजमल खान (१८६८–१९२७) यांना आपण काँग्रेसचे अध्यक्ष आणि जामिया मिल्लियाचे संस्थापक म्हणून ओळखतो. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात त्यांनी आधुनिक प्रयोगशाळेचा आग्रह धरला आणि जर्मनीत शिकलेल्या सलीमुज्जमा सिद्दीकी या तरुण रसायनशास्त्रज्ञाला तिथे संशोधनासाठी बोलावले. हकीमसाहेबांचे निधन झाले, पण काम थांबले नाही. १९३१ मध्ये सिद्दीकींनी सर्पगंधेतून, युनानीतल्या असरोलमधून, एक द्रव्य वेगळे केले आणि त्याला हकीमसाहेबांच्या नावावरून ‘अजमलीन’ म्हटले. हृदयाच्या ठोक्यांच्या बिघाडासंबंधीच्या वैद्यकात ते नाव आजही घेतले जाते.

सिद्दीकींनी १९४२ मध्ये कडुनिंबाच्या तेलातून निम्बिन, निम्बिडिन वगैरे कडू द्रव्ये वेगळी केली. कडुनिंबाच्या जंतुनाशक गुणांचा रासायनिक शोध तिथून खऱ्या अर्थाने सुरू झाला. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले आणि १९९४ मध्ये कराचीत वारले. आपल्याकडे त्यांचे नाव घेणे मग अवघड झाले असावे. पण कडुनिंबाला सरहद्द कळत नाही.

अजमल खान आणि सिद्दीकी यांची जोडी मला आदर्श वाटते. हकिमाने सांगायचे की ही वनस्पती अमुक रोगावर चालते असे आमच्या ग्रंथांत आहे. रसायनशास्त्रज्ञाने म्हणायचे की चला, पाहू. ग्रंथाचा अपमान नाही आणि ग्रंथाची पूजाही नाही.

निजामाचा मुलूख

हिंगोली त्या काळी हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्यात होती. गाव तसे छोटे, पण हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेची छावणी १९०३ पर्यंत इथे होती. छावणीबरोबर इंग्रजी औषधे आली. हकीम आणि वैद्य इथले होतेच. आठवडी बाजारात मुळ्या-साली मांडून बसणारे वैदू होते. कळमनुरीच्या डोंगराळ भागातल्या आंध आणि तांड्यांवरच्या बंजारा समाजाची रानाची ओळख या सगळ्यांहून जुनी होती. एकाच रोग्याने या सर्वांकडे आळीपाळीने जावे यात कोणाला नवल वाटत नसे.

संस्थानाच्या कारभारात १८८४ च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू आली. निजाम सरकारने युनानीला राजाश्रय दिला. हैदराबादेत तिब्बी शिक्षण सुरू झाले आणि सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत चारमिनारच्या शेजारी युनानी इस्पितळाची भव्य इमारत उभी राहिली. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने तर आधुनिक डॉक्टरीही उर्दूतून शिकवली. शिकलेला हकीम काय किंवा डॉक्टर काय, या मुलखात तो उर्दूत लिहीत होता. रोगी मात्र मराठीत कण्हत होता. गजकर्ण, नायटा, खरूज असे तो सांगे आणि हकीम ‘दाद’, ‘कूबा’, ‘खारिश’ असे लिहून घेई. भाषांतर रोजच चालू होते.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १ मे १९९९ रोजी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. मराठी ही शाळेची आणि कचेरीची भाषा झाली, हे योग्यच झाले. तुम्ही-आम्ही आज मराठीत लिहितो-वाचतो ते त्यामुळेच. पण या बदलाची एक किंमत कोणी हिशेबात धरली नाही. हकिमांच्या घरांत एक वही असे, तिला ‘बयाज’ म्हणत. बापाने मुलाला, उस्तादाने शागिर्दाला दिलेले नुस्खे तिच्यात असत. कोणत्या वनस्पतीला इथे काय म्हणतात, ती कोणत्या नाल्यावर मिळते, किती प्रमाणात घालावी, कोणाला गुण आला आणि कोणाला आला नाही, हे छापील ग्रंथात न सापडणारे ज्ञान त्या वहीत असे. ती शिकस्ता वळणाच्या उर्दूत किंवा फारसीत लिहिलेली. नातवंडे मराठी शाळेत गेली, त्यांना ती वाचता येईना. काही बयाजा फडताळात बांधून ठेवल्या गेल्या, काहींना वाळवी लागली, काही रद्दीत गेल्या. आपण मदरशाचे किताब जपले, मुशायऱ्याच्या डायऱ्या जपल्या. आजोबांच्या औषधाच्या वहीला मात्र कागद समजलो.

लिहिलेले आणि सिद्ध केलेले

ही वही जपायला हवी होती हे म्हणणे नुसत्या हळहळीपोटी नाही. गेल्या तीस वर्षांतल्या दोन खटल्यांनी ते दाखवून दिले आहे.

पहिला हळदीचा. हिंगोली जिल्हा महाराष्ट्रात हळदीसाठी अग्रेसर. वसमतची हळद तर इतकी नावाजलेली की २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. या हळदीने जखम भरते, हे आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक. तरीही मार्च १९९५ मध्ये जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. ‘आमच्या आज्या हळद लावत’ हे सांगून भागणार नव्हते. छापील पुरावा हवा होता. परिषदेने ३२ संदर्भ सादर केले. त्यांत संस्कृत, हिंदी आणि उर्दू मजकूर होता, आणि भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात १९५३ साली आलेला लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द ठरले. वॉशिंग्टनमधल्या अधिकाऱ्यांसमोर हळदीची बाजू उर्दू पुस्तकांनीही मांडली, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे.

दुसरा खटला कडुनिंबाचा, आणि तो तर थेट बुरशीविषयीच होता. कडुनिंबाच्या तेलाने पिकांवरची बुरशी रोखण्याच्या पद्धतीचे पेटंट युरोपात १९९४ मध्ये डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी आणि अमेरिकेचे कृषी खाते यांना मिळाले. वंदना शिवा, युरोपीय संसदेतल्या माग्दा आल्वूट आणि सेंद्रिय शेतीची जागतिक संघटना यांनी त्याविरुद्ध दाद मागितली. २००० मध्ये म्युनिकला झालेल्या सुनावणीत निर्णायक ठरली ती महाराष्ट्रातल्या अभय फडके यांची साक्ष. पेटंटच्या अर्जाआधीच, १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात, पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतांवर त्यांनी कडुनिंबाच्या अर्काचे प्रयोग केले होते. पेटंट रद्द झाले आणि मार्च २००५ मध्ये कंपनीचे अपीलही फेटाळले गेले. परंपरा हजारो वर्षांची असली तरी तिची बाजू तारली ती केव्हा, कुठे, काय केले हे सांगू शकणाऱ्या माणसाने.

या अनुभवातूनच २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभारायला सुरुवात झाली. त्यात संस्कृत आणि तमिळबरोबर अरबी, फारसी व उर्दू ग्रंथांतले युनानी नुस्खे नोंदवले गेले आणि इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, जपानी या भाषांत आणले गेले. मात्र त्यात गेले ते ग्रंथ. हिंगोली-कळमनुरीच्या फडताळातल्या बयाजा आणि आंध-बंजारा म्हाताऱ्यांच्या तोंडचे ज्ञान आपण कागदावर आणल्याशिवाय कुठल्याच ग्रंथालयात जाणार नाही.

इथे सावधगिरीचा एक शब्द. लिहिलेले सगळे खरे असते असे नाही, आणि काचेच्या नळीत बुरशी मेली म्हणजे माणसाच्या अंगावरची मरेलच असेही नाही. हळदीतल्या कुर्कुमिनचेच घ्या. प्रयोगशाळेत ते जवळजवळ सगळ्यावर चालताना दिसते, पण शरीरात शोषले जात नाही आणि टिकतही नाही, असे २०१७ मध्ये रसायनशास्त्रज्ञांनी सविस्तर दाखवून दिले. तरोट्याचेही तसेच. त्यातले द्रव्य कातडीची आग करू शकते, डोळ्यात गेले तर इजा होते. शिवाय तरोट्यासारखीच दिसणारी त्याची एक सख्खी बहीण आहे, सेन्ना ऑब्ट्युसिफोलिया. दोघींचे बी बाजारात सर्रास मिसळते. नुस्ख्यात ‘पनवाड’ लिहिले आहे ते नेमके कोणते? अल-बिरुनींचा प्रश्न हजार वर्षांनंतरही तसाच उभा आहे.

आजचा गजकर्ण

एवढा इतिहास कशासाठी उगाळायचा? कारण दाद परत आला आहे, आणि आता तो ऐकेनासा झाला आहे.

गजकर्ण बुरशीमुळे होतो हे पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबी या डॉक्टरने १८४० च्या दशकात दाखवले. विसाव्या शतकात त्यावर चांगली औषधे आली. त्यातले टर्बिनाफिन हे तर इतके गुणकारी की गजकर्ण हा किरकोळ रोग समजला जाऊ लागला. गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र भारतभरच्या त्वचारोगतज्ज्ञांना वेगळे चित्र दिसते आहे. चट्टे अंगभर पसरतात, महिनोन्महिने जात नाहीत, घरातल्या एकाला झाले की सगळ्यांना होतात. या हट्टी बुरशीची स्वतंत्र जात ओळखली गेली आणि २०२० मध्ये तिला ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ हे नाव मिळाले. नावातच ‘इंडो’ आहे. तिच्या पेशीतल्या ज्या ठिकाणी टर्बिनाफिन घाव घालते, तेच तिने बदलून घेतले आहे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण नोंदले गेले. एके काळी ब्राझीलची पावडर गोव्याचे नाव लावून जगात गेली. आता एक बुरशी आपल्या देशाचे नाव लावून जगात फिरते आहे.

हे घडण्यामागे एक मोठा दोष तज्ज्ञ दाखवतात तो मिश्र मलमांचा. स्टेरॉइड, बुरशीचे औषध आणि जंतूंचे औषध एकाच ट्यूबमध्ये. स्टेरॉइडमुळे खाज दोन दिवसांत थांबते, माणूस खूश होतो, आणि कातडीची प्रतिकारशक्ती दबल्याने बुरशी आत पसरते. अशी मलमे चिठ्ठीशिवाय मिळत. २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइडची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. पण गावातल्या दुकानात नियमापेक्षा ओळख चालते. हळद काढणारा मजूर, घामात भिजलेला रिक्षावाला, चुलीपुढे बसणारी बाई हे तालुक्याच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे जात नाहीत. ते दुकानात जाऊन ‘खाजेची ट्यूब’ मागतात. जांघेतला रोग म्हणून लाजही असते, विशेषतः आपल्या बायाबापड्यांना. रोग कपड्याआड वाढत राहतो.

अशा वेळी तरोट्याचे बी लावा, बरे व्हाल, असे मी लिहिले तर ते पाप होईल. अंगावर चट्टा उठला तर डॉक्टरांकडे जावे, ट्यूबवर काय लिहिले आहे ते विचारावे, स्टेरॉइडचे मलम मनाने लावू नये, सांगितले तितके दिवस औषध घ्यावे आणि घरातल्या सर्वांना तपासून घ्यावे. आजच्या रोग्यासाठी उत्तर हेच आहे.

उद्याच्या रोग्यासाठी मात्र प्रश्न वेगळा आहे. जुने औषध हरू लागले की नवे औषध कुठून येणार? क्रिसारोबिन, अजमलीन, निम्बिन ही सगळी नावे आपल्याला एकच गोष्ट सांगतात: कोणीतरी आधी सांगितले, कोणीतरी लिहून ठेवले आणि मग कोणीतरी तपासले. तरोट्याच्या बाबतीत पहिली दोन कामे शेकडो वर्षांपूर्वीच झाली. तिसरे १९७५ मध्ये प्रयोगशाळेपर्यंत आले. या नव्या हट्टी बुरशीवर, माणसांच्या कातडीवर, योग्य प्रमाणात आणि योग्य देखरेखीखाली त्याची नीट परीक्षा व्हायला हवी. ते काम विद्यापीठांचे आणि युनानी-आयुर्वेद महाविद्यालयांचे आहे. आपल्या समाजातली मुले-मुली आज फार्मसी, बीयूएमएस आणि सूक्ष्मजीवशास्त्र शिकताहेत. त्यांनी अजमल खान आणि सिद्दीकी दोघांचाही वारसा घ्यावा.

आणि आपण वाचकांनी काय करावे? ज्यांच्या घरात आजोबांची बयाज असेल त्यांनी ती रद्दीत घालण्याआधी उर्दू जाणणाऱ्या शिक्षकाकडून वाचून घ्यावी, मराठीत उतरवावी, वनस्पतीचे गावातले नाव लिहावे, ती कोणत्या नाल्यावर मिळते ते लिहावे, गुण आला नाही तेही लिहावे. ज्या घरात वही नाही तिथे म्हातारी माणसे आहेत, त्यांना विचारावे. बगदादला मन्काने, अहमदनगरला निजामशहाने आणि विजापूरला फरिश्त्याने हेच काम केले. एका भाषेतले औषध दुसऱ्या भाषेत नेले. मराठी बोलणाऱ्या मुसलमानाइतका या कामाला लायक दुसरा कोण आहे? त्याच्या घरात नुस्खा उर्दूत आहे आणि बांधावरचे रोप मराठीत.

या पावसाळ्यात तरोटा पुन्हा उगवेल. त्याची फिर्याद फार मोठी नाही. त्याला तण म्हणून उपटण्याआधी किंवा संजीवनी म्हणून डोक्यावर घेण्याआधी त्याचे नाव नीट लिहून घ्यावे आणि त्याची साक्ष तपासावी, इतकीच दाद तो मागतो आहे.